मदत हवी आहे: घरची लौकी कडूजहर निघाली, शिजवून खाल्ली तर चालते का?

नमस्कार. हिंगणघाट तालुक्यातल्या एका खेड्यातून विचारून राहिली. सांदवाडीत (परसात) लौकीचे (पुण्याकडचे दुधी म्हणतात) दोन वेल आहेत. एक पाकिटातल्या बियांचा, दुसरा मागच्या वर्षी मीच धरलेल्या बियांचा. या दुसऱ्या वेलाच्या लौक्या यंदा लांब नाही आल्या. मान बारीक अन् बूड गोल, सुरईसारख्या.

आज त्यातली एक चण्याची डाळ टाकून केली, वरून सांबार (कोथिंबीर) घातला. पहिल्याच घासाला थुंकून टाकावी लागली, कडुनिंब बरा! सासूबाई म्हणतात, बाजूला कारल्याचा मांडव आहे, त्याचा कडूपणा उतरला. चिंच-गूळ घालून अजून शिजव, जाते. गंजभर भाजी आहे, फेकायची जिवावर येते. म्हशीला घालू का? मामाजींना (सासऱ्यांना) शुगर आहे, ते सकाळी त्याच वेलाच्या लौकीचा रस अर्धा गिलास प्यायले. म्हणत होते, आज कडू लागते, म्हणजे औषधी असेल.

प्रतिसाद
ताई, भाजीचं राहू द्या. मामाजी कसे आहेत? मळमळ, उलटी, पोटात कळ, जुलाब, चक्कर, यातलं काहीही असेल तर आत्ता दवाखान्यात न्या. "कडू लौकीचा रस प्यायले" हे डॉक्टरांना आधी सांगा, नाहीतर साधं अपचन समजतील. यावर उतारा नाही. रक्ताची उलटी होऊ शकते, बीपी एकदम खाली येतो. २०१० मध्ये दिल्लीत लौकी-कारल्याचा कडू रस पिऊन एका शास्त्रज्ञाचा जीव गेला होता. कडू लागला तर रस पिऊच नये, असं आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या तज्ज्ञांनी त्यानंतर सांगितलं.

धागाकर्ती
आत्ता विचारलं तर दोन उलट्या झाल्या म्हणतात. रात्रीचं पिठलं बाधलं असेल म्हणून बोलले नाहीत. गाडी काढून राहिलो.

प्रतिसाद
आम्ही तर थोडी कडू असली तरी खातो, काही होत नाही.

प्रतिसाद
वरच्या भाऊंनी हे असं सांगू नये. कडूपणा क्युकरबिटासिन नावाच्या द्रव्याचा असतो. तो शिजवून, तळून जात नाही, अन् चिंच-गुळानं फक्त चव झाकली जाते. भाजीचे दोन घास माणूस थुंकतो, रस मात्र नाक दाबून पितो, तिथंच घात होतो. जर्मनीत २०१५ मध्ये घरच्या बागेतल्या कडू झुकिनीची (भोपळ्याच्या कुळातलंच फळ) भाजी खाऊन एक वृद्ध गृहस्थ वारले. ती शिजवलेलीच होती.

कारल्याचा यात दोष नाही. कारलं अन् लौकी यांचा संकर होत नाही, कारल्याचा कडूपणाही वेगळ्या द्रव्यांचा. मागच्या वर्षी जवळपास तुंब्याचा, म्हणजे कडू भोपळ्याचा वेल होता का? तो अन् लौकी एकाच जातीचे. मधमाशीनं पराग आणला तरी त्या वर्षीचं फळ गोडच राहतं, कडूपणा त्याच्या बियांतून पुढच्या वर्षी निघतो. तुमचं सुरईसारखं फळ पाहून मला तोच संशय आहे. पाण्याचा ताण अन् कडक ऊन यानंही कडूपणा वाढतो, म्हणून पाकिटाच्या वेलाचीही प्रत्येक लौकी कापली की कच्ची चकती जिभेला लावून पाहा, कडू लागली तर थुंका. भाजी उकिरड्यात खोल पुरा, म्हशीला देऊ नका.

धागाकर्ती (दुसऱ्या दिवशी)
मामाजी रात्रभर दवाखान्यात होते. बीपी खूपच खाली आलं होतं, तीन सलाईन लागल्या. आज दुपारी घरी आले, ताक-भात खाल्ला. सासूबाई काल रात्रीपासून कोणाशी बोलून नाही राहिल्या. रस त्यांनीच काढला होता अन् कडू लागू नये म्हणून त्यात पुदिना घातला होता.

अन् हो, तुंबा होता. शेजारच्या वावराच्या धुऱ्यावर, आमच्या सांदवाडीपासून शंभर पावलंही नाही. धरलेलं बी सगळं चुलीत टाकलं. वेलही उपटणार होती, पण भजनी मंडळातले एक आजोबा म्हणाले, दोन फळं वेलावरच वाळू दे, एकतारीला चांगली होतील. म्हणून तेवढी ठेवली. कोणी चुकून तोडू नये म्हणून त्यांच्या देठांना लाल चिंधी बांधली आहे.