मदत हवी आहे: माथेरानच्या 'ब्लॅकबर्ड'ला तुमच्याकडे काय म्हणतात?

नमस्कार मंडळी, मी मुलुंडला राहते. डिसेंबरात सोसायटीतल्या मुलांना घेऊन माथेरानला गेलो होतो, तिथे दिसलेल्या पक्ष्यांचे मराठी नावांचे बोर्ड आमच्या गार्डनमध्ये लावायचे ठरलंय, दहातले नऊ तयार आहेत आणि एकावर गाडी अडलीये.

शार्लट लेकच्या वाटेवर वाळक्या पानांत खसखस ऐकू आली म्हणून थांबलो तर एक पक्षी चोचीने एकेक पान उचलून बाजूला भिरकावत होता, खाली किडे शोधत. अंग राखाडी-तपकिरी, डोक्यावर काळीकुट्ट टोपी, चोच केशरी आणि डोळ्याभोवती पिवळं कडं. सोबतचे दादा म्हणाले ब्लॅकबर्ड, तर एक मुलगी लगेच, "पण हा काळा कुठेय?" बरोबर विचारलं तिने.

घरी येऊन वाचत बसले. आपल्या भागातल्या ह्या पोटजातीचं शास्त्रीय नाव टर्डस सिमिलिमस नायग्रोपायलियस, त्यातल्या शेवटच्या शब्दाचा लॅटिनमध्ये अर्थ काळी टोपी, किती चपखल! सिमिलिमस म्हणजे अगदी सारखा. आधी ह्याला युरोपातल्या ब्लॅकबर्डचीच पोटजात धरायचे, त्याचं नाव टर्डस मेरुला, १७५८ साली स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने दिलेलं, आणि मेरुला म्हणजे लॅटिनमध्ये तोच पक्षी. हिमालयातला एक ब्लॅकबर्ड तर टर्डस बुलबुल आहे, चक्क आपल्याकडचा शब्द! अमेरिकेतल्या लाल खांद्याच्या ब्लॅकबर्डचं मात्र ह्यांच्याशी नातंच नाही, कुळ वेगळं, तो काळा दिसला म्हणून तेच नाव चिकटलं.

आता माझी अडचण. मराठीत ह्याला कस्तूर म्हणतात असं सगळीकडे दिसतं, पण पावसात शीळ घालणारा तो निळा-काळा, तोही शीळकस्तूर, आणि नारिंगी डोक्याचा तोही कस्तूरच. मग बोर्डवर नुसतं कस्तूर लिहिलं तर मुलांनी कुठला समजायचा? 'काळटोप्या कस्तूर' असं मला सुचलं होतं, पण गावोगावी आधीच चांगलं नाव असेल आणि मी घरी बसून बनवलेलं मुलांच्या तोंडी बसलं तर ते बरं नाही वाटत. माझी आजी संगमेश्वरची, पावसाळ्यात उजाडायच्या आधी शीळ ऐकू आली की "कस्तूर बोलला" म्हणायची, पण त्या दिवसांत हा टोपीवाला आणि तो शीळवाला दोघंही गातात, ती नेमकी कुणाला म्हणायची ते मी कधी विचारलंच नाही आणि आता विचारायला ती नाहीये.

तर कोकण, मावळ, जावळी, महाबळेश्वरकडचं कुणी असेल तर प्लीज घरातल्या मोठ्या माणसांना विचाराल का, ह्या काळ्या टोपीवाल्याला ते काय म्हणतात आणि शीळवाल्याला वेगळं नाव आहे का? पुस्तकातलं नको, बोलण्यातलं हवंय. आणि कस्तूर हा शब्द ह्या पक्ष्यांना का पडला हे कुणाकडून ऐकलं असेल तर तेही लिहा.

बोर्ड रंगवणारे काका रविवारी येतायत. फोटो जरा हललाय पण टोपी स्पष्ट दिसते, हवा असेल तर टाकते.