चाकं उघडली नाहीत तर? होटगी रोडवरून पेटलेला वाद

जुना एअरमन: काल 'आसरा चौक' यांनी इथं लिहिलं, 'डिसेंबर २०२४ ला कोरियात मुआनला विमान चाकांविना उतरलं, १८१ पैकी १७९ गेले. सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरच्या पंख्याच्या विमानात पोराबाळांना बसवू नका.' वाचून घास उतरेना. बारा वर्षं हवाई दलात चाकांखाली झोपून ग्रीस लावलंय मी. मुआनची माणसं पोटावर घसरल्यानं गेली नाहीत. धावपट्टीपुढच्या मातीच्या बांधात काँक्रीट होतं, त्यावर आदळून गेली. वॉर्साला १ नोव्हेंबर २०११ ला बोइंग ७६७ एकही चाक न उघडता उतरलं. आत २३१ माणसं. सगळी जिवंत.

आसरा चौक: अर्धंच सांगता ओ. वॉर्साला चाकं हलवणाऱ्या तेलाचा, म्हणजे हायड्रॉलिकचा पाइप फुटला होता, आणि चाकं सोडायची दुसरी सोय चाललीच नाही, कारण कॉकपिटमधला ब्रेकर पडलेला. नंतर विमान उचलून तो आत ढकलला, तर चाकं निमूट खाली! घरची लाईट गेली तर आपण आधी बोर्ड बघतो की नाही? आणि २००७ ला डॅश ८ क्यू ४०० ची चाकं युरोपात दोन महिन्यांत तीनदा दगा देऊन गेली. ती उडवणाऱ्या विमानकंपनीनं ती विमानंच काढून टाकली. पंख्याचीच होती ती.

जुना एअरमन: पहिल्या दोन वेळा चाकाच्या यंत्रणेतला दांडा गंजलेला. गंज मान्य. पण गोव्याला जातं ते एटीआर, डॅश नव्हे. एसटीचं टायर फुटलं म्हणून तुम्ही सायकल विकणार?

बाळीवेस: धावपट्टीपुढच्या बांधाचं निघालंच आहे, तर विमानाच्या वाटेतली सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी आठवा. १५ जून २०२३ ला पाडली तेव्हा किती बोंबललात! तीही बांधच की.

कुमठेकर: जीभ सांभाळा. गच्चीवरून बघितलंय मी. आधी बुंध्याशी धूर, मग आवाज, मग ती सावकाश कलली. दोरीवरचं धोतर धुळीनं भरलं. आमचा म्हातारा कारखान्याचा सभासद, त्या दिवशी जेवला नाही. आणि दोन वर्षांनी मिळालं काय, तर गोव्याचं विमान. ऊसवाला गोव्याला जातो होय?

बाळीवेस: मुंबईचंही आलंय. वडिलांना छातीत दुखायला लागलं, पुण्याला नेताना टेंभुर्णीला तासभर अडकलो. तुम्हाला चिमणीचं पडलंय.

कुमठेकर: पेशंटला गोव्याला नेणार होतास का बे?

बाळीवेस: बे कुणाला म्हणतो?

जुळे सोलापूर: विमान राहू द्या, चिमणी राहू द्या. आमच्या नळाला पाणी पाचव्या दिवशी येतंय, त्यावर कोण बोलणार?

कुमठेकर: वडिलांचं तेवढं मागं घेतो. चिमणीचं नाही.

आसरा चौक: एअरमनसाहेब, तुमचं खरं, बांधानं मारलं. पोराला बसवतो. चाकाजवळची खिडकी मागतो, तिन्ही उघडली का ते मोजायला.

जुना एअरमन: एका खिडकीतून एकच दिसेल. बाकीची दोन पायलटच्या हिरव्या दिव्यांवर सोडा.