लेअर ‘निंदून’ काढणे चूक आहे का?

बोडी (साकोलीकडचा): गावातल्या मुलांना ऑटोकॅड, म्हणजे संगणकावर नकाशे काढायचं सॉफ्टवेअर, शिकवतो. बहुतेक जण आयटीआयला आरेखक (स्थापत्य) करतात, शिक्षण मराठी शाळेत झालेलं. त्यांच्यासाठी मराठीत टिपणं लिहितोय. सरावाला मामा तलावाच्या, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या (जमीनदारांच्या) काळातल्या तलावाच्या, दुरुस्तीचं ड्रॉइंग घेतलं. पाळ, सांडवा, तुडूम (पाणी सोडायची मोरी), पाट, प्रत्येकाचा लेअर, म्हणजे ड्रॉइंगमधला पारदर्शक कागदासारखा थर, वेगळा. असं ड्रॉइंग चार हातांतून फिरून आलं की त्यात ‘दरवाजे’, ‘फर्निचर’ असेही लेअर सापडतात. तलावाला दरवाजे कुठले? त्यांच्यावर एक रेघ नसते. ते काढायला ‘पर्ज’ ही आज्ञा आहे. मी लिहिलं, ‘न वापरलेले लेअर निंदून काढा.’ टिपणं वाचणाऱ्या पुण्याच्या स्नेह्यांनी त्यावर काट मारली. म्हणाले, निंदणे म्हणजे नावं ठेवणे. आमच्या घरी दर पावसाळ्यात धानाची निंदण होते, तण काढतात. शब्द चूक कसा?

कृष्णाकाठ: चूक नाही, पण आमच्याकडं कुणाला कळणार नाही. आम्ही भांगलण म्हणतो. खुरपणी लिहिलं तर पुष्कळांना कळेल. आणि व्युत्पत्ती पाहिली तर दोन्ही निंदणे एकच असावेत: नकोशाला नकोसं म्हणायचं आणि बाजूला काढायचं.

तिफन (दारव्हा): व्युत्पत्ती काही पटली नाही बाप्पा. छत्तीसगडात निंदाई म्हणतात, आमच्याकडे निंदण. शब्द वावरातून आला, नावं ठेवण्यातून नाही. माह्या मायनं जिंदगीभर दुसऱ्याच्या पऱ्हाटीत निंदण केलं, तिले जाऊन सांगा हा शब्द चूक हाय म्हून.

शुद्धमती: भावना समजतात, पण टिपणं ही तांत्रिक आहेत. ‘लेअर’ला ‘स्तर’ आणि ‘पर्ज’ला ‘निष्कासन’ असे नेमके शब्द योजावेत. बोली शब्द जिल्ह्याजिल्ह्याला बदलतो, परिभाषा बदलत नाही.

तिफन: निष्कासन म्हटलं की आमच्याकडे अतिक्रमण काढायले जेसीबी येते.

ओळंबा: वीस वर्षं नकाशे काढतोय, म्हणून थोडं लांबण लावतो. तुमची खरी अडचण ‘निंदणे’ ही नाही, ‘न वापरलेले’ ही आहे. बंद किंवा फ्रीझ केलेला लेअर पडद्यावर रिकामाच दिसतो. मी नवखा असताना असाच एक लेअर रिकामा समजून लेडेल या आज्ञेनं काढला. लेडेल लेअरबरोबर त्यावरच्या वस्तूही नेते. पाटाचे सगळे काटछेद गेले आणि ते कळलं छपाईच्या दिवशी. पर्ज असं करत नाही. लेअरवर काही असेल, अगदी एखाद्या ब्लॉकच्या (एकत्र बांधून नाव दिलेल्या वस्तूंच्या गटाच्या) पोटात दडलेली रेघ असेल, तरी पर्ज त्याला हात लावत नाही. शून्य क्रमांकाचा लेअर, चालू लेअर, एक्सरेफमधून, म्हणजे जोडलेल्या दुसऱ्या ड्रॉइंगमधून, आलेले लेअर हेही राहतात. मापं टाकली की डेफपॉइंट्स नावाचा लेअर आपोआप उगवतो, मापं आहेत तोवर तोही जात नाही. पीक सोडून तेवढं तण उपटणं म्हणजे पर्ज. लेडेल म्हणजे उभ्या पिकात नांगर. म्हणून मला निंदणे आवडलं. निष्कासनात हा फरक दिसत नाही.

बोडी: हेच मला सांगता येत नव्हतं. आणि एका निंदणीत सरतही नाही! कुणी न वापरलेला ब्लॉक आत पडून असतो, त्याच्या आत दुसरा ब्लॉक, आणि त्याच्यापायी लेअर अडून बसतो. आधी ब्लॉक काढावा लागतो, मग लेअर सुटतो. पर्जमध्ये ‘नेस्टेड’ची (आतल्या आत असलेल्यांची) खूण केली तर ते एकदम होतं, नाहीतर पुन्हा पुन्हा फिरावं लागतं.

तिफन: मग ‘न वापरलेले’ला ‘पडीत’ म्हणा. पडीत लेअर.

ओळंबा: तो शब्द राखून ठेवा. पडीत वावर पुढल्या साली पेरता येतं. टेंप्लेटमध्ये (ड्रॉइंगच्या तयार साच्यात) ‘विद्युत’ लेअर आधीच केलेला असतो, त्यावर काम पुढल्या आठवड्यात होणार असतं. तो पडीत. त्याला पर्ज करायचं नाही. आज्ञेला मात्र हा भेद कळत नाही, यादीत ‘विद्युत’ आणि ‘फर्निचर’ शेजारीशेजारी येतात. माणसानंच निवडायचं.

शुद्धमती: म्हणजे शब्द तीन लागतील: रिकामा दिसणारा, पडीत आणि निरुपयोगी. हे मान्य. ‘थर’ की ‘स्तर’ यावर मात्र कुणी बोललं नाही. स्तर म्हणजे पातळीही होते, तेव्हा मी स्वतः थरावर यायला तयार आहे.

बोडी: मुलं लेअरच म्हणतात, तो राहू द्या. मालगुजारी १९५१ साली गेली, तरी आमचे तलाव ‘माजी मालगुजारी’चे मामाच राहिले. तोंडात बसलेला शब्द कोण काढणार? निवडण्यावरून आठवलं. धानात एक गवत येतं, धानासारखंच दिसतं. आई पातं खोडापासून जरा ओढून पाहते. धान असेल तर बुडाशी पातळ पापुद्रा दिसतो, त्या गवताला तो नसतो. लोंबी येईपर्यंत दुसरी ओळख सोपी नाही. निंदायला आलेल्या नव्या मुली धानच उपटतात.

कृष्णाकाठ: ही खूण मला ठाऊक नव्हती. त्या पापुद्र्याला तुमच्याकडं नाव काय?

तिफन: आम्ही कापूसवाले. बोडीच्या मायलेच विचारा.

बोडी: ती रोवणीला गेली आहे. संध्याकाळी विचारून सांगतो.