स्पीडटेल: वाऱ्याने घडवलेली गाडी की नुसतीच लांब शेपूट?

घाटवाट

ब्रिटिश कंपनी मॅक्लारेनने ऑक्टोबर २०१८ मध्ये दाखवलेली स्पीडटेल ही गाडी आठवते का? फक्त १०६ गाड्या, चालक मधोमध, दोन प्रवासी जरा मागे दोन बाजूंना, वेग ताशी ४०३ किमी. कंपनी तिला 'हायपर-जीटी' म्हणते. नाव जाऊ द्या. माझं म्हणणं एवढंच, की महागड्या कूपेंमध्ये (दोन दारांच्या गाड्यांमध्ये) इतकं प्रामाणिक बाह्यरूप मला दुसरं दिसलं नाही.

कॉलेजात असताना विंड टनेलमध्ये (जोराचा वारा सोडून चाचणी घ्यायच्या बोगद्यात) गाडीच्या छोट्या मॉडेलवर लोकरीचे धागे चिकटवून हवेचा प्रवाह बघायचो. पुढच्या भागावर धागे शहाण्या मुलासारखे चिकटून बसायचे. खरी पळापळ मागच्या काचेपासून पुढे! तिथे हवा अंग सोडते, मागे कमी दाबाची पोकळी तयार होते आणि ती गाडीला मागे ओढत राहते. हवा फाडणं त्या मानाने सोपं, फाटलेली परत जुळवणं अवघड. स्पीडटेल पाच मीटरहून लांब आहे आणि मागे निमुळती होत जाते, ती याचसाठी.

शिवाय मागे उभा पंख (स्पॉयलर) नाही, बिजागरी नाही. शेपटीच्या टोकाचं कार्बन फायबरच हायड्रॉलिक दाबाने वाकतं, म्हणजे हवेला अडकायला फट मिळत नाही. पुढच्या चाकांवर झाकण्या आहेत. चाक फिरतं, झाकण जागच्या जागी. आरशांऐवजी छोटे कॅमेरे, आणि सर्वाधिक वेगासाठीचा 'व्हेलॉसिटी' मोड लावला की तेही आत जातात, गाडी ३५ मिलिमीटर खाली बसते.

जुना पिस्टन

असहमत. कविता छान, हिशोब करू.

याच कंपनीची जुनी गाडी एफ-वन (फॉर्म्युला वन शर्यत नव्हे): तीही रस्त्यावर आणि शर्यतीत मिळून १०६च, चालक तसाच मधोमध. ६२७ हॉर्सपॉवर, आणि १९९८ मध्ये जर्मनीतल्या एरा-लेसियनच्या ट्रॅकवर ३८६ किमी. स्पीडटेलची ताकद १०७०. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून लागणारी ताकद घनाने. एफ-वनचंच अंग ठेवून ताकद तेवढी वाढवली असती तर वेग ४६० च्या आसपास यायला हवा. ही आली ४०३ वर! मग वीस वर्षांनी ही शेपूट लावून मिळवलं काय?

घाटवाट

पिस्टनराव, गणित बरोबर, पण त्यात टायर धरलाच नाही. (अवांतर: एफ-वनचा तो विक्रम इंजिनाची फेऱ्यांची मर्यादा वाढवून केलेला होता. मूळ मर्यादेसकट ती ३७२ पर्यंत जायची. तरी तुमचा फरक भरून निघत नाही, हे कबूल.) तसंच १०७० मध्ये विजेच्या मोटरचाही वाटा आहे.

आता ४०३ वर टायरचं काय होतं ते बघा. टायरची त्रिज्या साधारण ३५ सेंटिमीटर धरा. कडेवरच्या एका ग्रॅम रबरावर बाहेरच्या दिशेला साडेतीन किलो वजनाएवढा ओढा पडतो. एका ग्रॅमवर! इथे डिझायनर काही करू शकत नाही.

मीरा ब.

मला ४०३ मध्ये रस नाही, 'जीटी' या दोन अक्षरांत आहे. ग्रँड टूरर म्हणजे सामान टाका, निघा, संध्याकाळी दुसऱ्या देशात उतरा. स्पीडटेल अमेरिकेतल्या नियमांत बसत नाही. तिथे ती नियमांत न बसणाऱ्या खास गाड्यांसाठीच्या 'शो ऑर डिस्प्ले' सवलतीखाली येते, आणि त्या सवलतीत वर्षाला जास्तीत जास्त २,५०० मैल चालवता येतात, म्हणजे ४,००० किलोमीटर. माझी स्कूटर याहून जास्त फिरते.

प्रामाणिकपणाचंच बोलायचं तर त्याच वर्षी याच कंपनीची सेन्ना आली. ताशी २५० वर हवेचा खाली ८०० किलोचा दाब, पाठीवर फळीएवढा पंख, दिसायला कशीही. ती म्हणते, 'मी ट्रॅकसाठी आहे, सुंदर दिसायचा करार नाही.' याला म्हणतात प्रामाणिक. स्पीडटेलची ती पुढची झाकणी बघून मला डब्याचं झाकण आठवतं, आणि मागच्या चाकांना ती नाहीच! एकाच अंगावर दोन वेगळ्या गाड्यांची चाकं.

चक्रधर

मीराताईंशी सहमत. थोडं मागे जाऊ या. १९५२ ची बेंटली आर-टाइप कॉन्टिनेंटल. जॉन ब्लॅचलींनी काढलेलं छत मागे एका ओघात उतरत जातं, अगदी बंपरपर्यंत. रोल्स-रॉइसच्या हकनॉलच्या विमान विभागातल्या विंड टनेलमध्ये तो आकार तपासला होता. मागच्या दोन बाजूंच्या किंचित उंचावलेल्या कडा शोभेला नाहीत, वेगात गाडी सरळ राहावी म्हणून आहेत. बनल्या जेमतेम दोनशे. चार मोठी माणसं आणि त्यांच्या बॅगा घेऊन ताशी १६० ने दिवसभर जाता येई.

घाटवाट, तुमच्यासाठी गंमत म्हणजे तिथेही टायरच आडवा आला होता. त्या काळचे टायर तेवढ्या वेगात जड गाडी पेलत नसत, म्हणून बॉडी हलक्या मिश्रधातूची केली, आसनंही हलकी. म्हणजे टायरची मर्यादा ओळखून गाडी त्या मापात बसवली. इथे मात्र मर्यादा माहीत असूनही ताकद वाढवत नेली.

जुना पिस्टन

चक्रधरांनी माझंच वाक्य पळवलं. टायरचा मुद्दा मला पटला, घाटवाट. पण तो तुमच्यावरच उलटतोय. वेग टायरच ठरवणार असेल तर १०७० ची ताकद कशाला? आणि ताकद एवढी असेल तर ती शेपूट कशाला? दोन्हीपैकी एक पुरलं असतं.

घाटवाट

शून्य ते ३०० किमी वेग, १२.८ सेकंदांत. त्यासाठी दोन्ही लागतात. २५० च्या वर हवाच खरी भिंत होते, आणि तिथे आखूड बुटकी गाडी धापा टाकते. आरसे काढणं, चाकं झाकणं, सगळं तिथे वसूल होतं. मागच्या चाकांच्या झाकण्यांबद्दल मात्र मीराताईंना उत्तर नाही माझ्याकडे. मलाही ते खटकतं.

मीरा ब.

१२.८ सेकंदांत गाडी साधारण अर्धा-पाऊण किलोमीटर जाईल. उरलेले ३,९९९ किलोमीटर आरसे लावून चालवायला काय हरकत होती?