बँकॉकमध्ये टॅक्सीचे भाडे योग्य तेवढेच द्यावे, यासाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात आई-वडील, पत्नी आणि मुलगी यांना घेऊन बँकॉकला जायचे ठरले आहे. आमचे विमान सुवर्णभूमी विमानतळावर मध्यरात्रीनंतर उतरते. त्या वेळी फाया थाई स्थानकापर्यंत जाणारी विमानतळाची रेल्वे बंद झालेली असेल, त्यामुळे सुखुमवित भागातल्या हॉटेलपर्यंत टॅक्सीनेच जावे लागेल.

आतापर्यंतच्या वाचनातून एवढे समजले आहे की, बाहेर येताच दुसऱ्या मजल्यावर ‘टॅक्सी, सर?’ म्हणत मागे लागणाऱ्यांकडे लक्ष न देता थेट पहिल्या मजल्यावरच्या अधिकृत रांगेत जावे, तिथल्या यंत्रातून चिठ्ठी घ्यावी आणि तिच्यावर छापलेल्या क्रमांकाच्या जागी उभी असलेली गाडी पकडावी. मीटर ३५ बाटपासून सुरू होतो, विमानतळाचे वेगळे शुल्क (गेली अनेक वर्षे ५० बाट) त्यावर द्यावे लागते आणि द्रुतगती मार्गाचा टोलही प्रवाशानेच भरायचा असतो, हेही कळले. अडचण यापुढे आहे.

आम्ही पाच जण आहोत आणि सामानही बरेच आहे. अपरात्री दोन गाड्या करून आई-वडिलांना वेगळ्या गाडीत बसवायची माझी तयारी नाही. पाच जणांसाठी मोठी गाडी मिळते का, आणि ती मीटरवर चालते की ठोक रकमेवर? दुसरे असे की, सामान डिकीत ठेवून झाल्यावर चालकाने मीटर बंद असल्याचे सांगून ६००-७०० बाट मागितले, तर नेमके काय करावे? तिसरा प्रश्न शहरातल्या फिरण्याबद्दल आहे. तिथे रस्त्यावरची टॅक्सी बरी की ग्रॅब, बोल्ट यांसारखी अ‍ॅप?

शे-दोनशे बाट जास्त गेल्याचे मला फारसे दुःख नाही. परंतु वडील जन्मभर बेस्टच्या बसमध्ये तिकीट मागून घेणारे आहेत, आणि भाड्यावरून पहिल्याच रात्री वाद झाला तर त्यांचा पुढचा सगळा प्रवास त्याच विषयावर होईल. कृपया जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद :

मोठ्या गाड्यांची रांग विमानतळावर वेगळी असते. यंत्रापाशी तसा पर्याय निवडा किंवा तिथल्या कर्मचाऱ्याला पाच बोटे दाखवा. इनोव्हासारखी गाडी मिळते, सुरुवातीचे भाडे थोडे जास्त असते, पण तीही मीटरवरच चालायला हवी. साध्या टॅक्सीच्या फंदात पडू नका, कारण तिथल्या बहुतेक टॅक्स्या गॅसवर चालतात आणि डिकीत टाकी बसवलेली असल्यामुळे दोन मोठ्या बॅगा ठेवल्या की जागा संपते. मग उरलेल्या बॅगा मांडीवर घेऊन बसावे लागते.

यंत्रातून मिळालेली चिठ्ठी चालकाने मागितली तरी देऊ नका, कारण तिच्यावर त्या गाडीची नोंद असते आणि तक्रार करायची झाल्यास तोच पुरावा. रांगेत उभे असतानाच फोनमध्ये तिचा फोटो काढून ठेवा. मीटरचा प्रश्न सामान चढवण्याआधी मिटवायचा, नंतर नाही. खिडकीतून ‘मीटर?’ एवढेच विचारावे, चालकाने मान हलवली तरच डिकी उघडू द्यावी. नकार दिला तर पुन्हा रांगेपाशी जाऊन कर्मचाऱ्याला सांगावे. विमानतळावर कर्मचारी समोर असताना चालक सहसा हुज्जत घालत नाहीत. टोलचे दोन नाके लागतात आणि दोन्ही मिळून साधारण ७५ बाट होतात. तेवढे पैसे वडिलांच्या हातात सुटे देऊन ठेवा, त्यांनाही हिशेब डोळ्यांसमोर दिसेल. विमानतळावर पैसे बदलून घेताना २० आणि १०० च्या नोटा आवर्जून मागा, कारण हजाराची नोट पाहिली की चालकांकडचे सुटे पैसे हमखास संपतात.

आणखी एक प्रतिसाद :

शहरातल्या प्रश्नाचे उत्तर देतो. गोव्यात टॅक्सीचा मीटर नावापुरता असतो याची ज्यांना सवय आहे त्यांना नवल वाटेल, पण बँकॉकच्या टॅक्सीत मीटर असतो, आणि दिवसा, मोकळ्या रस्त्यावर, चालू गाडीला हात केला तर तो सहसा टाकलाही जातो. (काचेमागे लाल दिवा दिसला म्हणजे गाडी रिकामी.) संध्याकाळी मात्र चित्र पालटते. वाहतूक तुंबलेली असताना मीटरवर मिनिटाला दोन-तीन बाटच पडतात, म्हणून चालक ठोक रक्कम सांगतो किंवा यायलाच नकार देतो. त्याचा हिशेब चुकीचा नाही, पण त्याची भरपाई आपण दुप्पट-तिप्पट दराने का करावी? अशा वेळी बीटीएस ही उन्नत रेल्वे घ्यावी किंवा अ‍ॅपवरून गाडी बोलवावी. अ‍ॅपचे भाडे बऱ्याचदा मीटरपेक्षा जास्त पडते, पण आकडा आधी कळतो आणि पत्ता समजावत बसावे लागत नाही. नोंदणी मात्र मुंबईतच करून घ्या, कारण ओटीपी भारतीय सिमवर येतो आणि तिथे पोचून नवे सिम घातल्यावर तो मिळत नाही.

मॉलच्या किंवा मोठ्या हॉटेलच्या दाराशी उभी असलेली टॅक्सी घेऊ नये. ती पर्यटकांसाठीच थांबलेली असते. शंभर पावले पुढे चालत जाऊन रस्त्यावरची गाडी थांबवावी. हॉटेलचे नाव थाई लिपीत लिहिलेले कार्ड आणि त्यावरचा दूरध्वनी क्रमांक जवळ असू द्या. चालक स्वतःच फोन करून रस्ता विचारतो.

टुकटुकला मीटर नसतो, त्यामुळे भाडे बसण्याआधीच ठरवावे. ग्रँड पॅलेसच्या आसपास कोणी सांगितले की राजवाडा आज बंद आहे आणि २० बाटमध्ये शहर दाखवतो, तर चालत राहा, कारण तो माणूस तुम्हाला रत्नांच्या किंवा शिंप्याच्या दुकानात नेऊन तिथून दलाली घेणार असतो. गाडीत बसल्यावर काही अडले, तर पर्यटक पोलिसांचा क्रमांक ११५५ आहे, आणि टॅक्सीची तक्रार १५८४ वर करता येते.