भिंत रंगवणारे पोट्टे बिघडलेले का वैतागलेले?

काळीमाती: परवा आमच्या तालुक्याच्या कॉलेजात होस्टेलच्या पोट्ट्यांनी पाण्यासाठी मोर्चा काढला, ऑफिससमोर माठ फोडले, गेरूनं भिंतीवर ‘आधी पाणी मंग पेपर’ लिहिलं आणि जाता जाता नोटीस बोर्डाची काच फोडली. झालं, गावच्या ग्रुपवर सुरू, पोट्टे वाया गेले म्हणून. मी समाजशास्त्र शिकवतो, म्हणून बोलतो. स्टॅनली कोहेन या समाजशास्त्रज्ञानं १९७३ मध्येच लिहून ठेवलं की तोडफोडीला ‘बिनडोक’ म्हणून मोकळं होऊ नका, कोणी लक्ष वेधायला करतो, कोणी विचारासाठी, कोणी सूड म्हणून, कोणी निव्वळ मजा म्हणून. परवा हे चारही प्रकार एकाच अंगणात होते. तीन महिने अर्ज दिले त्याचा फक्त आवक नंबर मिळाला, भिंत रंगली अन् दुसऱ्या दिवशी टँकर आला!

शिपायाचा_भाचा: सर, थेरी तुमच्यापाशी ठेवा. ते भिंत माया मामानं घासली, ४४ डिग्रीत, दोन दिवस, तारेच्या ब्रशनं. प्राचार्यानं नाई घासली. पोट्ट्यायचा राग वरच्यावर अन् घाम खालच्याचा, हे कोणत्या प्रकारात बसते? आन तो गेरू झाडं रंगवाले आणला होता, तोई चोरलेला.

पऱ्हाटी_७७: भाचा बरोबर बोलला. अमेरिकेत विल्सन आणि केलिंग या अभ्यासकांनी १९८२ ला मांडलं ना, एक फुटकी काच तशीच ठेवली की लोकाले वाटते इथं कोणाचं लक्ष नाही, मंग बाकीच्याई फुटतात. आज सूट दिली तर उद्या लॅब फोडतील.

काळीमाती: भाऊ, होस्टेलच्या खिडकीच्या काचा दोन वर्षांपासून फुटक्याच हायेत, पुठ्ठे लावले आहेत. त्या कोणी फोडल्या? वादळानं. मंग तुमच्याच थेरीनं पहिला गुन्हेगार कोण?

पऱ्हाटी_७७: पुठ्ठा अन् दगड सारखा नसते सर.

काळीमाती: दगडाचं मी समर्थन करतच नाही, कारण विचारून रायलो. २०१५ ला दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनच्या विद्यापीठात एका विद्यार्थ्यानं ऱ्होड्स या इंग्रज साम्राज्यवाद्याच्या पुतळ्यावर मैला टाकला, धड शौचालय नसलेल्या वस्तीतून आणलेला. सगळ्यांनी नाक मुरडलं, महिन्याभरात पुतळा हलला. घाण तिथं रोजचीच होती, फक्त दिसत नव्हती.

भरतीवाला: तुमची चर्चा चालू द्या बाप्पा, पण केस कोणावर पडते ते पाहा. भिंत खराब करण्याच्या १९९५ च्या कायद्यात तीन महिन्यांपर्यंत कैद नाहीतर दोन हजारांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही, अन् सार्वजनिक मालमत्तेच्या १९८४ च्या कायद्यात पाच वर्षांपर्यंत. मी पाच वर्ष पहाटे चारला उठून धावून रायलो, पोलीस भरतीत चारित्र्य पडताळणीले असा एक गुन्हा निघाला का संपलं. माह्या रूम पार्टनरनं नुसता डबा धरला होता गेरूचा. काच ज्यानं फोडली त्याचे वडील संस्थेत हायेत, त्याचं नाव कागदात नाई.

पऱ्हाटी_७७: हे खरं असंल तं वाईट हाय.

शिपायाचा_भाचा: खरं हाय, मामा तिथंच उभा होता. पण विचारलं कोण त्याले? सर, गेरू काई निघाला नाई, वरून चुना मारला. कालच्या अवकाळीत ‘पाणी’ तेवढं पुन्हा वर आलं, मामा परत ब्रश घेऊन गेला.