चैत्रातली चप्पल आणि पैंजण : आपापले अनुभव लिहावेत

थंडी सरली की बंद बूट माळ्यावर जातात. पाडव्यापासून मृगाच्या सरींपर्यंतचे दोन-अडीच महिने चामड्याची चप्पल निर्धास्तपणे घालता येते. मी मात्र चप्पल एका दिवशी आणि पैंजण दुसऱ्या दिवशी घेत आले, आणि निम्म्या वेळा त्या दोघांचे आपसांत पटले नाही. आपण या दोन गोष्टींची निवड कशी करता, हे सविस्तर लिहावे.

कोल्हापूरहून
माझे घर चप्पल लाईन या चपलांच्या बाजारापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. चप्पल संध्याकाळी घ्यावी, कारण दिवसभराच्या चालण्याने पाय किंचित फुगलेला असतो. तरीही ती थोडी घट्टच घ्यावी, कारण चामडे पुढे सैल पडते, असे आई सांगत असे. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या चामड्याचा रंग मातकट असतो आणि त्याला स्वतःचा वास असतो. फार चकचकीत जोड दिसला की मी पुढे सरकते. नवी चप्पल अंगठ्याला चावते, म्हणून पट्ट्याला आतून खोबरेल लावून ती पहिला आठवडा घरातच घालावी. राहिले पैंजण. पट्ट्यावर वेणी आणि गोंडा असेल, तर सैल पैंजण घसरून नेमके तिथेच उतरते आणि घुंगरू वेणीत अडकते. माझे दोन घुंगरू असेच गेले. तेव्हापासून वेणीच्या चपलेवर मी घोट्यालगत बसणारी बारीक साखळीच घालते. घुंगरांची हौस असेल, तर पट्टा साधा असावा.

नाशिकहून
रंगपंचमीला कोल्हापुरी घालून गेले. भिजलेली चप्पल उन्हात वाळवली, ती पापडासारखी वाकली. याहून अधिक सांगण्यासारखे काही नाही.

मिलानहून
इथे मार्चमध्ये उघड्या चपलेचा विचारही करवत नाही. माझी कोल्हापुरी मेअखेरीस बाहेर येते. जून २०२५ मध्ये प्राडा या इथल्या फॅशन कंपनीने पुरुषांसाठीच्या वसंत-उन्हाळा २०२६ च्या संग्रहात अगदी तशाच अंगठ्याच्या चपला दाखवल्या आणि टीका झाल्यावर त्यामागे भारतीय हस्तकलेची प्रेरणा असल्याचे मान्य केले. कोल्हापुरीला २०१९ मध्येच महाराष्ट्र आणि कर्नाटकातील आठ जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन (त्या भागाच्या नावाचे कायदेशीर संरक्षण) मिळालेले आहे, हे मी तेव्हा कार्यालयात किती जणांना ऐकवले, त्याची गणती नाही. पैंजण मात्र इथे एकाच पायात घालते. सासूबाईंना ते अजून पटलेले नाही.

पुण्याहून
चांदीकामासाठी प्रसिद्ध असलेल्या हुपरीचे पैंजण घेताना मी नक्षीआधी कडी पाहते. उघडा आकडा साडीच्या फॉलमध्ये अडकून धागे ओढतो, म्हणून फिरकी बरी. एका दुकानाने मला शुद्ध म्हणून दिलेली जोडी पुढे मोडीला नेल्यावर बरीच हिणकस निघाली. आता ९२५ चा शिक्का, म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी, पाहिल्याशिवाय मी पैसे देत नाही.

सांगलीहून
चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला चप्पल दाराबाहेरच राहते आणि मिरवतात ती पैंजणेच, म्हणून त्या दिवशी मी आजीच्या जड तोरड्या घालते. गेल्या वर्षी परतताना दारात एकसारखे सात-आठ जोड होते. घरी पोहोचल्यावर पाहिले, तर डावी माझी होती आणि उजवी दुसऱ्याच कुणाची.